समोरचं बांधकाम आणि घरातले ठोकळे

प्रश्न थोडक्यात असा: घरासमोर इमारतीचं काम सुरू झालंय आणि साडेतीन वर्षांचा मुलगा व सहा वर्षांची मुलगी खिडकीपासून हलायला तयार नाहीत. ही आवड वाढवायची तर कोणती खेळणी घ्यावीत, कुठे न्यावं आणि किती समजावून सांगावं? मी आधी स्थापत्य अभियंता म्हणून साइटवर काम केलं आणि नंतर बरीच वर्षं तीन ते सात वयाच्या मुलांबरोबर, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

खेळणी आणि सहली नंतर बघू. मोठी गोष्ट तुमच्याकडे आयतीच आली आहे: एकच इमारत, रोज दिसणारी, पायापासून वर येणारी. दहा ठिकाणची दहा बांधकामं दाखवण्यापेक्षा हे एक बांधकाम शेवटपर्यंत बघणं कितीतरी मोलाचं आहे. लहान मुलांच्या डोळ्यांसमोर इमारती येतात त्या पूर्ण झालेल्या. भिंतीच्या पोटात काय आहे, जमिनीखाली काय आहे, आधी काय झालं आणि मग काय, यातलं काहीच तयार इमारत सांगत नाही. अर्धवट इमारत सगळं उघडं करून दाखवते. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा, एकाच जागी उभे राहा आणि एक फोटो काढा. त्याच्या प्रती काढून भिंतीवर ओळीने लावत जा. काही महिन्यांनी ते फोटो उतरवून, पिसून मुलीच्या हातात द्या आणि तिला पुन्हा क्रमाने लावू द्या. ती कशावरून ओळखते ते ऐका. सेंट्रिंगच्या फळ्या (ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला तोलून धरणाऱ्या), बाहेर आलेल्या सळ्या, नसलेली खिडकी अशा खुणा ती दाखवेल. ‘आधी-नंतर’ शिकवणारे चित्रांचे संच बाजारात मिळतात, पण त्यांतल्या कुठल्याही संचात मुलाने स्वतः पाहिलेला क्रम नसतो.

तिथे उभं असताना प्रश्न एकच पुरतो: ‘गेल्या वेळेपेक्षा काय बदललं?’ बाकी शांत राहा. मोठ्यांचा मोह असतो की खोदकाम, पाया, खांब, तुळई, स्लॅब अशी सगळी यादी मुलाला एका दमात सांगून टाकायची. मूल ऐकतं, मान डोलावतं, आणि त्याचं बघणं थांबतं. नावं जरूर सांगा, पण ती वस्तू मुलाच्या नजरेत आल्यावर. त्याने बोट दाखवलं की ‘ती परांची, गवंडी तिच्यावर उभे राहून काम करतात’, एवढंच.

या कामातल्या दोन-तीन टप्प्यांवर मात्र रेंगाळा.

पहिला पाया. उंच घर बांधायचं म्हणतात आणि आधी खाली खणत जातात, हे मुलांना फार विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. लगेच उत्तर देऊ नका. घरी ठोकळ्यांचा एक मनोरा गादीवर रचायला सांगा आणि तसाच एक फरशीवर. गादीवरचा चौथ्या-पाचव्या ठोकळ्यालाच कलतो. मग एक मोठं पुस्तक गादीवर ठेवून त्यावर रचायला सांगा. आता जास्त वेळ टिकतो, कारण भार पसरला. पायाची दोन्ही कामं, घट्ट जमीन गाठणं आणि भार पसरवणं, मुलाच्या हातात आली. सहा वर्षांच्या मुलीला यानंतर इटलीतल्या पिसा शहरातल्या कलत्या मनोऱ्याची हकीकत सांगा. त्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो तो कलायला लागला, कारण खालची जमीन एका बाजूला जास्त मऊ होती. मग युद्धांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं रखडलं. त्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. सलग बांधत गेले असते तर तो बहुधा पडलाच असता. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला गेला. मग अभियंत्यांनी उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल कमी केला आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. मनोरा सरळ करायला त्याला ढकलला नाही, खालची माती काढली, हे ऐकून मुलं हटकून गादीकडे धावतात आणि करून बघतात.

दुसरा टप्पा स्लॅब ओतल्यानंतरचा. बघण्यासारखं सगळं संपलं असं वाटून मोठी माणसं तिथून निघतात, पण खरी गंमत त्यानंतरच्या दिवसांत असते. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या किंवा मातीच्या छोट्या कडा घालून पाणी साठवतात, खांबांना ओली गोणपाटं गुंडाळतात. माझ्या वर्गातली पाच वर्षांची एक मुलगी हे बघून वैतागली होती: ‘ताई, ओलं केलं तर ते वाळणार कधी?’ प्रश्न अगदी बरोबर आहे आणि पुष्कळ मोठ्यांचाही गैरसमज त्यातच आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, त्यातून तयार होणारे पदार्थ वाळू-खडीला धरून ठेवतात. पाणी लवकर उडून गेलं तर ही क्रिया अर्धी राहते आणि काँक्रीट कच्चं राहतं, त्याला तडे जातात. म्हणून ते पाण्याखालीही कडक होतं, म्हणून पुलाचे खांब नदीत उभे राहतात. त्याची ताकद मोजण्याचा रूढ दिवस अठ्ठाविसावा. पुढेही ती हळूहळू वाढत राहते. साडेतीन वर्षांच्या मुलाला इतकंच पुरे: ‘सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, म्हणून काका रोज पाणी घालतात.’

याला जोडून मातीच्या विटा करा. चिकणमाती, थोडी वाळू, पाणी, आणि साचा म्हणून एखादी छोटी चौकोनी डबी, आतून ओली केलेली. दोन-चार दिवसांनी वीट वाळली की ती पाण्याच्या भांड्यात टाका. ती फुगते, कडा सुटतात आणि बघता बघता गाळ होतो. मग भट्टीत भाजलेल्या विटेचा तुकडा त्याच पाण्यात टाका. बुडबुडे येतात, पाणी शोषलं जातं, वीट मात्र तशीच. वाळलेली, भाजलेली आणि सिमेंटची, असे घट्ट होण्याचे तीन वेगळे प्रकार मुलांनी या वयात हाताने ओळखले, तर पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते त्यांना ओळखीचे वाटतील.

एक कडक सूचना इथेच. खरं सिमेंट मुलांच्या हातात कधीही देऊ नका, गंमत म्हणून चिमूटभरही नाही. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्वचा भाजते. जळजळ लगेच जाणवत नाही, म्हणून धोका जास्त. प्लास्टर ऑफ पॅरिसही घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यात हात बुडवून ठसे घ्यायचे नाहीत. वाळूत खड्डा खणायचा असेल तर तो बसलेल्या मुलाच्या गुडघ्याहून खोल नको, आणि वाळूत आडवा बोगदा खणून आत शिरणं तर मुळीच नको. वाळू सुकली की कडा न सांगता ढासळतात.

तिसरी गोष्ट टॉवर क्रेन. क्रेनचा लांब हात सगळ्यांना दिसतो. मुलाला मागचा आखूड हात दाखवा आणि त्यावर टांगलेले काँक्रीटचे ठोकळे दाखवा. ‘हे ओझं उचलायचं नाहीये, मग ते वर कशाला नेलं?’ घरी टेबलाच्या कडेवरून एक ठोकळा हळूहळू बाहेर सरकवा. निम्म्याहून जास्त बाहेर गेला की पडतो. आता त्याच्या आतल्या टोकावर दुसरा ठोकळा ठेवा आणि पुन्हा सरकवा. मुलीला हे जमलं की तिला आव्हान द्या: ठोकळ्यांवर ठोकळे रचून सर्वांत वरचा ठोकळा पूर्णपणे टेबलाबाहेर न्यायचा. सारख्या लांबीच्या चार ठोकळ्यांत हे जमतं. वरचा ठोकळा त्याच्या खालच्याच्या पुढे निम्मा, तो त्याच्या खालच्याच्या पुढे पाव, मग एक षष्ठांश, आणि तळचा टेबलाच्या कडेपुढे एक अष्टमांश. बेरीज लांबीपेक्षा किंचित जास्त भरते. तिला अपूर्णांक येत नाहीत याची चिंता नको, ती बोटांनी शोधेल. चार अगदी काठावर जमतात, म्हणून पाच-सहा ठोकळे द्या आणि हवा तितका वेळ द्या.

परांचीत आणि क्रेनच्या सांगाड्यात तिरक्या पट्ट्या असतात, त्या मुलांच्या नजरेतून सुटतात. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना टोकांशी भोकं पाडा आणि सैल जोडून एक चौकोन व एक त्रिकोण करा. चौकोन कोपऱ्यात दाबला की लोळतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनाला एक तिरकी पट्टी जोडली की तोही ताठ. त्यानंतर रस्त्यात दिसणारा प्रत्येक मनोरा, पूल, जाहिरातीचा फलक यांतले त्रिकोण मोजायची सवय लागते, तुम्हालाही लागेल.

साइटवर प्रत्यक्ष जाण्याबद्दल. कुंपणाबाहेरून बघणं बहुतेक वेळा पुरेसं असतं आणि साडेतीन वर्षांच्या मुलासाठी तर तेच योग्य. आत जायचं तर परवानगी घेऊन, काम बंद असलेल्या वेळी, जबाबदार माणूस बरोबर असताना, बंद बूट आणि मापाचं हेल्मेट घालून, आणि फक्त मोठीला. दगड-फरशी कापायचं काम चालू असेल तर बाहेरूनही लांब राहा. ती बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट. काम करणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्यांना मोकळा वेळ असेल तेव्हाच मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. मुलांनी आधीच एक प्रश्न ठरवून न्यावा. गवंडी मंडळी मुलांना फार छान समजावतात, कारण ती बोलण्याऐवजी करून दाखवतात.

त्यांच्या हत्यारांतली दोन घरी करता येतात. ओळंबा म्हणजे दोरी आणि तिला बांधलेलं वजन, किल्ली चालेल. मुलगी तो दाराच्या चौकटीला, कपाटाला, स्वतःच्या मनोऱ्याला लावून बघेल आणि कुठलं तरी कपाट तिरकं निघेलच. दुसरं, पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून केलेली पाणसळ. नळीतल्या बुडबुड्यांना बाहेर काढा, एक टोक मुलाच्या हातात द्या, दुसरं मुलीच्या. दोघं खोलीच्या दोन टोकांना गेले, एकाने टोक वर केलं, एकाने खाली, तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत राहतं. त्या पातळीवर भिंतीला खडूची खूण करू द्या. भिंतीच्या दोन टोकांना एकाच उंचीवर खूण करायला गवंडीही हेच करतात. हा खेळ मी फार वेळा घेतला आहे आणि मुलांना तो पुन्हा पुन्हा हवा असतो.

आता खेळण्यांकडे. माझं मत स्पष्ट आहे: साधे, रंग न दिलेले लाकडी ठोकळे, पुष्कळ, आणि ठरावीक प्रमाणातले. प्रमाण महत्त्वाचं. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ पासून लहान मुलांसाठी जी साधनं तयार केली, त्यांत आठ छोट्या घनांत कापलेला एक मोठा घन होता. तो मोडायचा, काहीतरी बांधायचं, पुन्हा घन करायचा. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट लहानपणी या ठोकळ्यांशी खेळले आणि त्यांचा ठसा आपल्यावर जन्मभर राहिला असं ते सांगत. आज शाळांमध्ये दिसणारे ठोकळे मात्र बहुतेक करून अमेरिकी शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांच्या रचनेचे. त्यांचा मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड, म्हणजे ४:२:१. दोन अर्धे मिळून एक मूळ ठोकळा, दोन मूळ मिळून एक लांब. मुलाला खांब कमी पडला की ते दोन अर्धे शोधतं आणि त्याला कळतं की उंची तीच झाली. तुमच्या दोघांना मिळून शंभराच्या आसपास ठोकळे असू द्या. वीस-पंचवीसमध्ये घर सुरू होतं आणि भिंतीतच संपतं. सुताराकडून कापून घेतले तरी चालतात, फक्त माप काटेकोर हवं आणि कडा घासलेल्या.

एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे वाईट नाहीत. लेगोने आजच्या घडणीच्या विटेचं पेटंट १९५८ मध्ये घेतलं, आणि सहा वर्षांच्या बोटांना त्यातलं बारीक काम छान जमतं. पण जे अडकतं ते पडत नाही, आणि जे पडत नाही ते तोल शिकवत नाही. साध्या ठोकळ्याला धरून ठेवायला फक्त त्याचं वजन आणि घर्षण असतं, खऱ्या दगडी भिंतीला असतं तसंच. म्हणून आधी साधे. ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे जोडा’ असे संच सगळ्यांत शेवटी, आणि तेही मुलाने मागितले तर. क्रेन, डंपर, जेसीबी यांची खेळणी आहेत ती असू द्यात. चार गाड्या पुरतात, चाळीस झाल्या की बांधणं मागे पडतं.

मुलाकडून काय अपेक्षा करावी? अमेरिकी शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे १९३३ मध्ये मांडले आणि ते आजही लागू पडतात. आधी नुसतं इकडून तिकडे वाहून नेणं, मग उभी रास आणि आडवी रांग, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल, मग चारी बाजूंनी बंद आवार, मग नक्षी आणि दोन्ही बाजू सारख्या, मग ‘हे स्टेशन’ म्हणून नाव, आणि शेवटी पाहिलेल्या खऱ्या जागेची प्रतिकृती. तुमचा मुलगा पूल-आवाराच्या जवळपास असेल, मुलगी शेवटच्या दोनांत. हे टप्पे घाई करून ओलांडता येत नाहीत, आणि ठोकळे नवीन असतील तर सहा वर्षांचं मूलही आधी रास आणि रांगच करतं, फक्त भराभर पुढे जातं.

पूल हा टप्पा मला सर्वांत आवडतो, म्हणून तो जवळून सांगते. एक मुलगा दोन खांब उभे करतो, वर फळी ठेवतो, फळी आखूड पडते आणि मधून खाली जाते. तो तीच फळी उचलून परत ठेवतो. पुन्हा पडते. जोराने ठेवतो. फिरवून ठेवतो. इथे मोठ्यांचे हात शिवशिवतात. थांबा. कधीतरी त्याचा हात खांबाला लागतो, खांब थोडा आत सरकतो आणि फळी बसते. तो क्षणभर बघतच राहतो, मग फळी काढतो, खांब मुद्दाम लांब नेतो आणि परत जवळ आणतो. अंतर आणि लांबी यांचं नातं त्याने स्वतः मिळवलं. तुम्ही ‘खांब जवळ घे’ म्हणाला असतात तर पूल लवकर झाला असता आणि हे नातं त्याच्या वाट्याला आलं नसतं. काही म्हणायचंच असेल तर दिसतंय तेवढं म्हणा: ‘या बाजूला फळी टेकली आहे, त्या बाजूला टेकत नाहीये.’ ‘हे काय बनवलंस?’ आणि ‘वा, किती सुंदर!’ ही दोन वाक्यं जपून वापरा. पहिल्याने मूल काहीतरी नाव ठोकून देतं, दुसऱ्याने तुमच्याकडे बघून बांधायला लागतं.

ठोकळ्यांच्या रचनेत तरबेज असलेल्या मुलांची अवकाशाची जाण आणि सुरुवातीचं गणित चांगलं असल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं. त्यावरून ठोकळ्यांमुळेच गणित येतं असा निष्कर्ष काढू नये, आणि त्यासाठी म्हणून ठोकळे देऊ तर नयेतच. पण एक गोष्ट मी वर्गात सतत पाहिली: मुलगे ठोकळ्यांचा कोपरा बळकावतात आणि मुली बाजूला होतात. तुमच्या मुलीला तिची वेळ आणि तिची जागा मिळतेय ना, याकडे लक्ष द्या. बाहुल्या ठोकळ्यांजवळ ठेवल्या की त्यांच्यासाठी जिने, खोल्या, दारं निघू लागतात आणि बांधकाम एकदम अवघड, म्हणून रंजक होतं.

सहलींसाठी लांब जायला नको. पहिली सहल तुमच्याच इमारतीत: वरच्या टाकीपासून नळापर्यंत पाण्याचा पाइप शोधत या, जिन्याच्या पायऱ्यांची उंची दोरीने मोजा (सगळ्या सारख्या का, ते डोळे मिटून एक पायरी उतरायचा विचार केला की कळतं), तळमजल्यावर खांब कुठून खाली जातात ते बघा. मग एखादा पूल, खालून. मग जुनी दगडी कमान. कमान बघून आलात की पुठ्ठ्याच्या किंवा मातीच्या पाचराकृती तुकड्यांची कमान एका डब्यावर रचा, मधला शेवटचा तुकडा बसवा आणि डबा हळूच काढा. डबा आधी काढला तर सगळं कोसळतं, आणि सेंट्रिंगच्या फळ्या समोरच्या इमारतीत इतके दिवस का ठेवतात हेही तिथेच कळतं. धाकट्यासाठी एका वेळी वीस मिनिटं पुष्कळ झाली.

राहिला तो भाग जो तुम्ही विचारला नाहीत पण लवकरच विचाराल: मोठी बांधणार आणि धाकटा पाडणार. पाडणं हाही साडेतीन वर्षांच्या मुलाचा अभ्यासच आहे, त्याला त्यासाठी ओरडू नका, पण बहिणीचं काम त्याच्या हाती लागू देऊ नका. तिची जागा टेबलावर किंवा कपाटावर करा, रात्रभर तसंच उभं राहू द्या, मोडताना फोटो काढा. त्याची जागा जमिनीवर, आणि नियम एकच: स्वतः रचलेलं हवं तेवढं पाडायचं. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून एक मनोरा रचायचा आणि पाडायचा मान त्याचा. पाडण्याआधी मुलीला विचारा, तो कुठल्या बाजूला पडेल? तिचं उत्तर खडूने जमिनीवर मांडून ठेवा आणि मग त्याला सोडा.